कुलवृत्तांतांचे कपाट

महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांत, मग ते १८४८ साली स्थापन झालेले पुण्याचे नगर वाचन मंदिर असो, १८९३ पासून चालत आलेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय असो, अथवा विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९१० साली पुण्यात उभे केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ असो, इतिहास आणि चरित्र या दोन विभागांच्या मधोमध बहुधा एक प्रकारची पुस्तके लावलेली आढळतात, की ज्यांच्या पाठीवर एकेक आडनाव आणि त्याखाली ‘कुलवृत्तांत’ एवढाच शब्द छापलेला असतो. आपटे, गोखले, लिमये, बापट, खरे अशी ती ओळ चालते. या कपाटाशी येणाऱ्या वाचकाचे काम सामान्यतः ठरलेले असते. आपल्या आडनावाचा ग्रंथ काढावा, शेवटची नामसूची उघडावी, आजोबांचे नाव सापडेपर्यंत बोट खाली न्यावे, सापडताच सोबत आलेल्या मुलाला किंवा नातवाला ते दाखवावे आणि पुस्तक परत करावे. यात गैर काही नाही. परंतु ज्या पुस्तकात आपले नाव आहे ते घरच्या फडताळातही असू शकते. ग्रंथालयात जायचे ते त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पुस्तकांसाठी, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. कुलवृत्तांत एकेकटा वाचला तर तो निम्माच वाचला जातो. असे का होते हे समजण्यासाठी या पुस्तकांचे स्वतःचे कुळ आधी पाहिले पाहिजे.

वंशावळ आपल्याकडे प्रथम कागदावर उतरली ती तंट्यामुळे. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण, जोसपण ही सारी वतने वंशपरंपरेची. त्यांच्याबरोबर इनाम जमीन, मानपान आणि हक्कलवाजमा चालत असल्यामुळे भाऊबंदांत कलागत उत्पन्न झाली, म्हणजे वडीलपणाचा मान कोणाचा व धाकटेपण कोणाचे, हे प्रथम शाबीत करावे लागे. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत. तिच्यात मूळ पुरुषापासून स्वतःपर्यंतच्या पिढ्या सांगितलेल्या असत. घराण्याची हकीकत सविस्तर सांगावयाची तर तिला करीना म्हणत. गोतसभा बसे, गावचे पाटील-कुलकर्णी आणि बारा बलुतेदार साक्षीस येत, आणि निवाडा होऊन महजर तयार झाला की ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या नावापुढे व्यवसायाची निशाणी काढी: पाटील नांगर काढी, न्हावी आरसा काढी. ज्याला आपण आज घराण्याचा इतिहास म्हणतो तो अशा रीतीने मुळात एका दाव्यातील पुरावा होता. आणि पुराव्यात जेवढे लागते तेवढेच माणूस सांगतो. ज्या पुरुषाकडून हक्क खाली आला तो त्यात आला. जो निपुत्रिक वारला त्याची रेघ तेथेच थांबली. आणि ज्या मुलींना वतनात वाटा नव्हता त्यांचे नाव लिहिण्याचे कारणच कोणास पडले नाही.

या कागदांचे मोल मात्र घराण्यापुरते राहिले नाही. भोर भागातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जपून ठेवलेली एक शकावली, जिच्यात शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घडामोडी तिथीवार टिपलेल्या आहेत, लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उजेडात आणली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात झाला असे तोवर बखरींच्या आधारे मानले जाई. या टिपणात तो फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असा निघाला, आणि त्यावर जो वाद माजला तो पाऊण शतकाहून अधिक काळ चालून अखेर हीच तारीख राज्य सरकारने २००१ साली स्वीकारली. एका वतनदार घराण्याने आपल्या हक्काच्या काळजीने जतन केलेला कागद राष्ट्राच्या इतिहासाला उपयोगी पडला, हा योगायोग म्हणता येत नाही. कारण ज्या समाजात राजदफ्तरे वारंवार जळतात आणि लुटली जातात, तेथे घरच्या पेटाऱ्यातच इतिहास टिकतो. याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण तंजावरास आहे. सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत रचवून बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर कोरविले. पेटाऱ्यातील कागद दावा जिंकण्यासाठी होता. तंजावरच्या राजाजवळ तोवर दावा लढवण्याजोगे राज्यच उरले नव्हते, कारण चारच वर्षांपूर्वी ते इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. दगडावर वंश कोरण्याची निकड त्याला वाटावी याचे कारण बहुधा तेच असावे.

पेशवाई बुडाल्यावर वंशावळींचा सुकाळ झाला. कोणाची इनामे खरी आणि कोणाची बनावट हे तपासण्यासाठी कंपनी सरकारने इनाम कमिशन नेमले व १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला अधिकार दिले. प्रत्येक इनामदाराला सनद रुजू करून कैफियत द्यावी लागली आणि प्रत्येक कैफियतीला वंशवृक्ष जोडावा लागला. दत्तक विधानाचा प्रश्न तर जिव्हाळ्याचा होता. साताऱ्याचे राज्य १८४८ साली दत्तक नामंजूर करून खालसा केले गेले ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात या काळातील रुमालांचे जे ढीग आहेत त्यांत सामान्य घराण्यांच्या पिढ्यानुपिढ्या बांधलेल्या पडल्या आहेत. पुढे १८७४ च्या वतन कायद्याने वारसांच्या नोंदी ठेवण्याची रीत घातली, आणि ती वतने जाईपर्यंत चालली. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा वंशावळीची कायदेशीर गरज जवळजवळ संपली.

आता गंमत अशी की, छापील कुलवृत्तांतांचा बहर नेमका या गरजेच्या उतरत्या काळातला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, घराण्यातील कोणी निवृत्त हेडमास्तर, वकील किंवा मामलेदार पुढाकार घेई. कुलमंडळ स्थापन होई. वर्गणी गोळा केली जाई. छापील प्रपत्रे आणि जोडकार्डे गावोगावच्या सगोत्र मंडळींना रवाना होत. आणि मग वर्षानुवर्षे उत्तरांची वाट पाहणे चाले. जो भाऊबंद तीन स्मरणपत्रांनंतरही उत्तर देत नसे त्याची शाखा ‘माहिती मिळाली नाही’ या तीन शब्दांत आटोपे, आणि पुस्तक छापून आल्यावर सर्वांत मोठी तक्रार त्याचीच येई. प्रस्तावनांतून संपादकांनी या छळाचे जे वर्णन केले आहे ते या ग्रंथांतील सर्वांत जिवंत गद्य होय, असे माझे प्रामाणिक मत आहे. ग्रंथाच्या शेवटी पुरवणी आणि तिच्याही शेवटी शुद्धिपत्र असते. ते आधी वाचावे. कारण घराण्यात कोणाचे कोणाशी पटत नव्हते हे मुख्य मजकुरापेक्षा शुद्धिपत्रावरून अधिक लवकर कळते.

पहिले प्रकरण मात्र वेगाने ओलांडले तरी हरकत नाही. चित्पावनांच्या कुलवृत्तांतांत ते बहुधा परशुरामाने समुद्र हटवून कोकण निर्माण केले येथून सुरू होते, सह्याद्रिखंडाचा हवाला देते, चौदा गोत्रे व साठ मूळ आडनावे सांगते, मग गुहागरच्या व्याडेश्वराचे व अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे माहात्म्य येते. कोकणच्या किनाऱ्यावरील कुटुंबांची कुलस्वामिनी मराठवाड्यात बालाघाटच्या डोंगरांत कशी, हा प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा आहे, आणि नेमका तोच प्रश्न बहुतेक संपादक एका भाविक वाक्यात मिटवून टाकतात. कागदाचा आधार असलेला भाग याच्या पुढे सुरू होतो. तेथे एकाच आडनावाची पण परस्परांशी नाते न जुळणारी कुटुंबे ‘घराणे पहिले’, ‘घराणे दुसरे’ अशी मूळ गावावरून वेगळी लावलेली असतात: कोणाचे मूळ गाव मुरूड, कोणाचे नेवरे, कोणाचे केळशी किंवा आंजर्ले. मूळ पुरुषापासून खाली उतरताना अठराव्या शतकाचा पूर्वार्ध आला की बहुतेक वेलींत एक गोष्ट घडते: एक मुलगा घाटावर जातो. बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनचे. १७१३ साली ते पेशवे झाले आणि त्यांच्या पाठोपाठ कोकणातील पुष्कळ बुद्धिमान व पुष्कळ उपाशी तरुणांनी घाट चढला. कोतवड्याचे हरभट पटवर्धन इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय होते. त्यांच्या मुलांपासून मिरज, सांगली, जमखिंडी, कुरुंदवाड ही संस्थाने निघाली. हे अर्थात अपवादात्मक भाग्य होय. इतर वेलींत त्याच पिढीपुढे ‘पुण्यास शागिर्द’, ‘पथकात शिलेदार’, ‘साताऱ्यास कारकून’ एवढेच लिहिलेले असते, आणि कोकणात राहिलेल्या भावापुढे ‘खोती’ किंवा ‘भिक्षुकी’.

एक नोंद जवळून पाहू. ती एखाद्या विशिष्ट ग्रंथातली नव्हे. शेकडो नोंदी अशाच धाटणीच्या असतात म्हणून नमुन्यादाखल घेतो. प्रथम क्रमांक, जो घराणे, शाखा आणि पिढी सांगतो, मग नाव, ‘महादेव रामचंद्र’, त्यापुढे ‘ज. शके १७४१, नेवरे. मोडी चांगले. मामलेदार कचेरीत कारकून. पुढे साताऱ्यास वास्तव्य’, मग ‘भा.’ म्हणून भार्येचे सासरचे नाव, तिच्या बापाचे नाव, आडनाव आणि गाव. मग पुत्रांची नावे त्यांच्या पुढील क्रमांकांसह. आणि अखेरीस कन्या, त्यांच्या नावांपुढे ज्या घरी त्या दिल्या त्या जावयाचे नाव. शेवटी ‘मृ.’ आणि एक वर्ष. पाच-सहा ओळींत एका मनुष्याचा निकाल लागतो.

या पाच-सहा ओळींत दोन सापळे आहेत. पहिला सनांचा. कागदोपत्री शालिवाहन शकाबरोबर सुहूर सनही येतो, त्यालाच अरबी सन म्हणण्याची चाल आहे. त्याचे वर्ष मृग नक्षत्रावर बदलते, आणि आकडे अरबी शब्दांत लिहिले जातात: इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. पानिपतची लढाई ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ या साली झाली, म्हणजे सुहूर ११६१. शक पाहिला तर १६८२, पौष शुद्ध अष्टमी. इसवी सन १७६१, १४ जानेवारी. सुहूर सनात वर्षाच्या पूर्वार्धात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन येतो. शकात ७८ किंवा ७९. फसली सनात ५९० किंवा ५९१. गणित सोपे आहे, परंतु ‘सब्बा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर, ‘तिसा’ म्हणजे नऊ आणि ‘तिसैन’ म्हणजे नव्वद, आणि हे सर्व घाईच्या मोडीत, कीड लागलेल्या कागदावर. तेथे एक वळण चुकले की पिता पुत्रापेक्षा धाकटा ठरतो. ज्या ग्रंथात बापलेकांच्या वयांत नऊ-दहा वर्षांचेच अंतर निघते तेथे संपादकाच्या सद्‌हेतूवर संशय न घेता त्याच्या अरबी आकड्यांवर घ्यावा.

दुसरा सापळा नावांचा. थोरल्या नातवाला आजाचे नाव ठेवण्याची चाल जुन्या घराण्यांत इतकी दृढ होती की, रामचंद्र महादेव, महादेव रामचंद्र, पुन्हा रामचंद्र महादेव अशी साखळी पाच-पाच पिढ्या चालते. आणि चुलत शाखेतही तोच आजा असल्यामुळे तेथेही हीच साखळी समांतर चालू असते. एकाच गावी, एकाच काळी, एकाच नावाचे तीन इसम उभे राहतात. त्यांतला कर्जरोख्यावर सही करणारा कोणता आणि काशीयात्रेस जाणारा कोणता हे ठरवायचे कसे? कारकुनी अनेकांनी केलेली, गाव एकच, वर्ष संदिग्ध. अशा वेळी नोंदीतील एकच गोष्ट दर माणसागणिक वेगळी असते, आणि ती म्हणजे भार्येचे माहेर. एका महादेवाची बायको साठ्यांची, दुसऱ्याची बर्व्यांची, तिसऱ्याची दामल्यांची. ज्या स्त्रियांचा वंश हे पुस्तक पुढे चालवीत नाही, त्याच स्त्रियांच्या आधाराने या पुस्तकातील पुरुष एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात. संपादकांनी हे ओळखले होते की नाही ते सांगवत नाही. पण भार्येचे माहेर टिपण्याची दक्षता त्यांनी घेतली, आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मानले पाहिजेत, कारण जुन्या तकरीरींच्या कागदांत ते सापडत नाही.

आता शेजारचे पुस्तक काढण्याची वेळ येते. एक कुल म्हणजे एक गोत्र, आणि सगोत्र विवाह १९४६ च्या कायद्याने वैध ठरेपर्यंत शास्त्राला व रूढीला मान्य नव्हता. म्हणून गोखल्यांची मुलगी गोखल्यांच्या पुस्तकात सून म्हणून येणे नियमाप्रमाणे अशक्य. प्रत्येक मुलगी आपल्या जन्माच्या पुस्तकातून निघून दुसऱ्याच पुस्तकात जाते. गोखले कुलवृत्तांतात ‘कन्या गंगा, लिमये, वाई’ असे चार शब्द दिसले की तेथे तिचा धागा तुटतो. पण लिमये कुलवृत्तांत उघडून वाईच्या शाखेत त्या पिढीच्या सुना पाहत गेले म्हणजे कोठे तरी ‘भा. राधाबाई, गोखले’ अशी नोंद मिळते. लग्नात नाव बदललेले असल्यामुळे गंगेची राधाबाई झालेली असते, आणि दोन्ही एकच की काय हे तिच्या बापाच्या नावावरून व गावावरून ठरवावे लागते. ठरले, म्हणजे तिचा जन्म एका ग्रंथात आणि मुलेबाळे व मृत्यू दुसऱ्या ग्रंथात, असे एक आयुष्य दोन पुस्तकांतून जुळून येते. कधी दोन्ही ग्रंथांत तिच्याविषयीची वर्षे जुळत नाहीत. अशा वेळी जन्माच्या बाबतीत माहेरच्या पुस्तकावर आणि मृत्यूच्या बाबतीत सासरच्या पुस्तकावर भरवसा ठेवणे हा साधा नियम मला उपयोगी वाटतो; पहिल्या घरी पाचवी पुजली गेली, दुसऱ्या घरी श्राद्धाची तिथी पाळली गेली.

असे चार-सहा धागे जुळवले की एक नकाशा उमटू लागतो, जो कोणत्याही एका संपादकाने काढलेला नाही. विशिष्ट दहा-पंधरा घराण्यांतच मुली पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिल्या असल्याचे दिसते. कोकणातील शेजारची गावे देशावर गेल्यावरही एकमेकांशीच सोयरीक करतात. नोकरीत वरच्या हुद्द्यावर चढलेला माणूस मुलगी कोणत्या घरी देतो आणि सून कोणत्या घरून आणतो यात फरक पडत जातो. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवर १९५३ साली जो ग्रंथ लिहिला त्यात सोयरिकीच्या अशाच प्रवाहांचा, मामेबहिणीशी विवाह कोठे चालतो आणि कोठे चालत नाही याचा, प्रांतोप्रांती शोध घेतलेला आहे. तिकडे शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात दक्षिण आशियाविषयक संग्रहाची धुरा वाहणाऱ्या मॉरीन पॅटरसन यांनी चित्पावनांचे कुलवृत्तांत समाजशास्त्राचे साधन म्हणून वाचले, आणि त्यांवर लिहिलेला त्यांचा निबंध मिल्टन सिंगर व बर्नार्ड कोन यांनी संपादिलेल्या १९६८ च्या ग्रंथात आला. घरच्या माणसांनी घरच्यांसाठी छापलेली ही पुस्तके परक्या विद्यापीठात एकत्र मांडून वाचली गेली, तेव्हा त्यांचे खरे वजन कळले. आपल्याकडे ती तोवर बारशाला आणि मुंजीला भेट म्हणून दिली जात होती!

दोन पुस्तके जुळवूनही जिचा पत्ता लागत नाही अशी एक स्त्री असते, ती म्हणजे बालविधवा. माहेरच्या ग्रंथात तिच्यापुढे जावयाचे नाव आहे, सासरच्या ग्रंथात जावयापुढे ‘निपुत्रिक’ आहे. आणि पुढची पन्नास वर्षे ती भावाच्या स्वयंपाकघरात राबली हे दोन्ही ग्रंथांना ठाऊक नाही. याला एक तेजस्वी अपवाद सर्वांच्या परिचयाचा आहे. देवरुखच्या जोशांची गोदूबाई अगदी लहानपणी विधवा झाली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह होऊन ती आनंदीबाई, बाया कर्वे झाली. तिचे आयुष्य कुलवृत्तांतांच्या हिशेबाने माहेर, पहिले सासर आणि दुसरे सासर असे तीन पुस्तकांत विभागले जाते. पुनर्विवाह ही गोष्ट कोठे उजळ माथ्याने, कोठे आडून आणि कोठे मुळीच नाही, अशा तीन परींनी या वाङ्मयात नोंदली गेली आहे. संपादकाचा काळ आणि त्याची मते ओळखायची ही उत्तम कसोटी होय.

या कपाटाविषयी बोलताना जी पुस्तके त्यात नाहीत त्यांचाही विचार टाळता येत नाही. कुलवृत्तांत लिहिले गेले ते मुख्यतः ज्यांच्या घरी लेखणी होती त्यांचे. परंतु वंशपरंपरेचा हक्क केवळ लेखणीवाल्यांना नव्हता. महारांचेही गावकीत वतन होते, त्यांच्याही पिढ्या सनदांत व महजरांत येतात, आणि त्या वतनाने त्यांना जमिनीच्या तुकड्यापेक्षा वेठीचे ओझेच अधिक दिले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्या घराला वंशावळ म्हणजे मान होता त्याने ती छापली. ज्याला ती बेडी होती त्याने ती विसरण्याचा यत्न केला, यात आश्चर्य नाही. तरी महजरांच्या अखेरीस निशाण्यांसह जी नावे ओळीने उभी असतात ती एका गावाच्या शंभर-दीडशे वर्षांच्या कागदांतून क्रमाने काढली, तर न्हाव्याच्या, कुंभाराच्या, महाराच्या घरच्याही चार-पाच पिढ्या सहज हाती लागतात. हे काम भारत इतिहास संशोधक मंडळाच्या किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंदिराच्या कागदांत बसून करण्याजोगे आहे. त्याला आडनावाच्या अभिमानापेक्षा मोडीचा सराव अधिक लागतो.

ग्रंथालयाच्या बाहेरचे एक दफ्तर या सर्वांना पूरक आहे, ते तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार येथे यात्रेकरू गेला की त्याच्या घराण्याचे परंपरागत उपाध्याय वही काढतात; पूर्वी आलेल्या आजा-पणजाचे लेख दाखवतात, आणि नव्या माणसाकडून पुढील पिढीची नावे लिहून घेतात. वतनाच्या कागदापेक्षा या वहीची दृष्टी वेगळी आहे, आणि ती श्राद्धविधीतून आलेली आहे. तर्पणात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजीचेही नाव घ्यावे लागते, आणि त्यानंतर आईच्या बापाच्या तीन पिढ्या येतात. हक्काच्या कागदाने जिला गाळले तिच्यावाचून पिंडदान पुरे होत नाही. म्हणून वहीत यात्रेकरूच्या आई-आजीची, बरोबर आलेल्या बायकोची, वहिनीची, विधवा आत्याची नावे पुष्कळदा मिळतात, आणि छापील ग्रंथात ज्या बालविधवेचा माग हरवला ती भावाबरोबर त्र्यंबकेश्वरी आल्याची ओळ येथे भेटू शकते.

अमेरिकेतील युटा प्रांताच्या वंशशास्त्र संस्थेने, जी १८९४ साली सॉल्ट लेक शहरात स्थापन झाली आणि १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे सूक्ष्मपट काढू लागली, हरिद्वारादि क्षेत्रांतील अशा वह्यांचीही चित्रे घेतली आहेत. ही संस्था मॉर्मन पंथाची. त्या पंथाला पूर्वजांची नावे धार्मिक विधीसाठी लागतात, आपल्या उपाध्यायांनाही ती विधीसाठीच लागतात. त्यामुळे दोघांचे जुळले असावे. पण पट पाहणाऱ्याला लगेच अडचण येते. वह्या आडनावाच्या अकारविल्हेने लावलेल्या नसतात. त्या उपाध्यायांच्या घराण्याप्रमाणे आणि यजमानाच्या मूळ गावाप्रमाणे लावलेल्या असतात, आणि तीन पिढ्या मुंबईत घालवलेल्या माणसाला मूळ गाव विचारले तर तो गिरगाव सांगतो. त्याने आधी कुलवृत्तांतात आपले घराणे कोणत्या गावचे ते पाहून घ्यावे, आणि मग नाशिकला जावे. तेथे उपाध्याय प्रथम आडनाव विचारतात, नंतर गाव, आणि वही काढतात. आजोळची माहिती हवी असेल तर ते आजोळचे आडनाव व गाव विचारून बहुधा पलीकडच्या आळीतील दुसऱ्या उपाध्यायांचे घर दाखवतात.